अंदमानचे पक्षी शिकायचे तर आधी सेमिनरी हिल्सवर जा

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. जानेवारीत आई-बाबांना घेऊन तो सहा दिवस अंदमानला चाललाय. अंबाझरी-गोरेवाड्याचे साठेक पक्षी त्याला ओळखता येतात. बेटांवरच्या पक्ष्यांची यादी उघडली आणि पोटात गोळाच आला, म्हणतो. हातात तीन महिने आहेत. सुरुवात कुठून करू, कोणतं ॲप घेऊ, आणि आईला पक्ष्यांत काडीचाही रस नाही, तिचं काय करू?

भाऊ, आधी ती यादी बंद करा. अशा यादीत वाट चुकून आलेले, वादळानं ढकललेले, कोणीतरी कधीकाळी एकदाच पाहिलेले असे सगळेच पक्षी असतात. सहा दिवसांत, तेही दक्षिण अंदमानात, तुम्हाला खरोखर भेटतील असे पक्षी चाळीस-पन्नास. त्यातले निम्मे तुमच्या ओळखीचे, नाहीतर ओळखीच्यांचे नातेवाईक. घाबरायचं काऊन?

मी बावीस वर्षं रविवारी सकाळी लोकांना घेऊन नागपूरचे तलाव पालथे घालतो आणि अंदमानला चारदा जाऊन आलोय. तेवढ्या भांडवलावर सांगतो: बेटावर कोण आहे हे पाठ करण्याआधी कोण नाही ते पाहा.

पहिल्या खेपेला चिडियाटापूच्या रस्त्यावर उभा होतो. पोर्ट ब्लेअरहून पंचवीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना उंच झाडी, मधूनच समुद्राचा तुकडा. पक्षी बोलत होते, पण कानाला काहीतरी खटकत होतं. लग्नघरात शिरावं आणि सनई ऐकू येऊ नये, तसं. तासाभरानं डोक्यात उजेड पडला. तांबटाचं टुक-टुक नव्हतं. आपल्याकडे धंतोलीतल्या एखाद्या पिंपळाखालीसुद्धा जे दिवसभर चालतं, ते तिथं नाहीच. अंदमानात तांबट नाहीत. सातभाई नाहीत. गिधाडं नाहीत. सुतारपक्षी आहेत, पण दोनच जातींचे.

कारण उघड आहे. तांबट किंवा सातभाई म्हणजे या झाडावरून त्या झाडावर जाणारी मंडळी, उघड्या समुद्रावर शेकडो किलोमीटर उडणं त्यांच्या पंखांत नाही. कबुतरांचं उलट. दमदार उडणारी, थव्यानं हिंडणारी, फळांच्या मागे पाणी ओलांडणारी. म्हणून अंदमानात कबूतरकुळाची चंगळ आहे: दोन मोठी राजकबुतरं, हरियलाचा तिथला भाऊ, पाचू होला, तांबूस रंगाचा लांब शेपटीचा अंदमानी होला आणि फक्त याच बेटांवरचं अंदमानी रानकबूतर. फळांनी लगडलेलं वडाचं किंवा उंबराचं झाड दिसलं की गाडी थांबवा. तिथं अर्धा तास बसलात तर जंगलात चार किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त पदरात पडेल.

बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या जाती कमी, हा हिशेब मॅकआर्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडला. तो समजून घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. आपली सेमिनरी हिल्स काय आहे? सिमेंटच्या समुद्रातलं बेटच की. पुढचे चार रविवार असं करा: एक सकाळ गोरेवाड्याला, एक सेमिनरी हिल्सवर, आलटून-पालटून. गोरेवाड्यात दिसलेलं कोण कोण टेकडीवर नाही, ते वहीच्या उजव्या पानावर लिहा. डाव्या पानावर कारण. चौथ्या रविवारी तुम्ही पक्षी नुसते मोजणार नाही, तो तिथं का आहे आणि इथं का नाही हे विचारायला लागाल. हेच डोळे घेऊन अंदमानला उतरायचं.

आता नातेवाईकांकडे येऊ, कारण खरी मजा तिथं आहे.

भारद्वाज तुमच्या ओळखीचा आहे: काळं अंग, तांबडे पंख, लाल डोळा, कुंपणाखाली सावकाश चालणार. अंदमानचा भारद्वाज पाहिलात तर वाटेल, याला कोणीतरी चहात बुडवून काढलंय. अंगावर काळं काहीच नाही, डोकं-पाठ मातकट तपकिरी, पंख नेहमीचे तांबूस. चाल मात्र तीच आणि घुमणारं हूप-हूपही त्याच घराण्याचं. टकाचोराचं तसंच. आपला टकाचोर गावात घुसून मस्ती करतो, तिथला जरा लाजरा आणि जंगलातच राहणारा. खंड्या तर आपलाच, पण तिथल्या खंड्याचा तपकिरी रंग इतका गडद की पहिल्या नजरेला चॉकलेट वाटावं. हा फरक पुस्तकातल्या चित्रात कळत नाही. अंबाझरीच्या खंड्याला शंभर वेळा नीट पाहिलेल्या माणसालाच तो दिसतो. म्हणून म्हणतो, नवं पाठ करण्यापेक्षा जुनं घट्ट करा.

मैनांचं पाहा. आपल्या भांगपाडी मैनेचं डोकं काळं, भांग पाडून तेल लावल्यासारखं. अंदमानच्या मैनेचं डोकं पांढरं, अंगही पांढरं, पंख तेवढे काळपट. जणू निगेटिव्ह! एकदा असा जोडा मनात लावला की तो पक्षी आयुष्यभर विसरत नाही.

कोतवालाच्या बाबतीत मात्र सावध राहा. तिथं दोन काळे लांबशेपटे एकाच झाडावर भेटतात. एक भृंगराज, शेपटीला दोन तारा आणि टोकाला फुलं. आपल्याकडे पेंच-नवेगावला दिसतो तोच, पण त्याचा तुरा तिथं जवळजवळ नाहीसाच झालाय. दुसरा अंदमानी कोतवाल, जाड चोचीचा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा. भृंगराजाच्या तारा तुटलेल्या असल्या की नवशिका हमखास फसतो. मीही फसलो आणि दोन दिवस चुकीचं नाव वहीत मिरवलं. घाईनं नाव देऊ नका. आधी चोच पाहा, मग शेपटी.

सर्पगरुडांची तर जोडीच आहे. आपल्या जंगलातल्या तुरेवाल्या सर्पगरुडाची एक फिकट आवृत्ती तिथं किनाऱ्याला, खारफुटीच्या बाजूनं असते. आतल्या डोंगराळ जंगलात असतो तो अंदमानी सर्पगरुड, गडद तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. म्हणजे पक्षी दिसायच्या आधी तुम्ही कुठं उभे आहात यानंच अर्धं उत्तर मिळतं. गोरेवाड्याच्या वहीचा उपयोग इथं होतो.

आणि शामा हा पक्षी. आमच्या घरी दुर्बीण माझ्या गळ्यात आणि कान बायकोकडे, अशी वाटणी आहे. तिनं पक्ष्यांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण सकाळी ओट्याशी भाजी चिरताना खिडकीतला दयाळ रोज ऐकलाय. चिडियाटापूला बांबूच्या बेटात एक पक्षी गात होता. मी पानं चाळून राहिलो होतो. ही शांतपणे म्हणाली, "हा तर आपल्या दयाळाचा कोणी लागतो." पाच मिनिटांनी पक्षी बाहेर आला: अंदमानी शामा. शामा आणि दयाळ एकाच कुळातले, आणि शास्त्रज्ञांनीही दोघांना एकाच वंशात (जीनस) ठेवलंय. ओळख आधी कानाला पटते, डोळा मागाहून येतो. तेव्हा आवाज ऐकण्याची सवय आतापासून लावा. ध्वनिमुद्रणं नेटवर फुकट मिळतात. रोज दोनच आवाज, आठवडाभर तेच. एकदम तीस ऐकलेत तर डोक्यात भजी होईल.

तुम्ही ॲपचं विचारलंत. मर्लिन घ्या, भारताचा संच नागपूरलाच उतरवून ठेवा, कारण तिथं जंगलात नेटवर्कचा भरवसा नाही. ई-बर्डवर दक्षिण अंदमानची जानेवारीची नोंद पाहा, म्हणजे खरंच कोण दिसतं ते कळेल. पण मर्लिनच्या आवाज-ओळखीवर बेटांवर तरी मी विसंबत नाही. ती सुचवते, आपण पडताळायचं. माझा नियम जुनाट आहे: आधी वही, मग फोन. आकार, चोच, शेपटी, कुठं बसला होता, काय करत होता, या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. वेडंवाकडं चित्र काढा. माझे रविवारचे विद्यार्थी हसतात, पण वर्षभरानं त्यांना वहीतलं आठवतं, फोनमधलं नाही.

फोनची दुसरी भानगड म्हणजे पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवून त्याला बोलावणं. अंदमानात तिथलीच अशी चार-पाच घुबडं आहेत, आणि लोकांना ती एका रात्रीत सगळी हवी असतात. तिसऱ्या खेपेला मी ज्याच्या गाडीनं गेलो, त्यानं एकाच वळणावर वीस मिनिटं आवाज लावून ठेवला. घुबड आलं, फोटो निघाले, आणि ते बिचारं उरलेला वेळ न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फांद्या बदलत राहिलं. मी तेव्हा गप्प बसलो, याची अजून लाज वाटते. गाडी ठरवतानाच सांगा: आवाज वाजवायचा नाही. उभं राहून ऐकलं तरी घुबडं बोलतात.

वेळेचं गणित नागपूरकराचं हमखास चुकतं. घड्याळ तेच, सूर्य वेगळा. पोर्ट ब्लेअर आपल्यापेक्षा साडेतेरा अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथला सूर्य जवळपास एक तास पुढं. जानेवारीत आपल्याकडे पावणेसात-सातला उजाडतं, तिथं पावणेसहाला सूर्य वर आणि संध्याकाळी सव्वापाचला खाली. पहिल्या दिवशी मी नागपूरच्या सवयीनं सव्वासातला चहा घेऊन निघालो. पोचेस्तोवर जंगल गप्प, ऊन टोचायला लागलेलं. साडेचारला उठा, पावणेपाचला गाडी. आई-बाबांना हॉटेलात झोपू द्या आणि नाश्त्याला परत या. अंधारातच निघालात आणि नशीब असलं, तर रस्त्याच्या कडेला अंदमानी फटाकडी दिसेल: तांबडं अंग, पोटावर काळे-पांढरे पट्टे, चोच फिकट हिरवी, शेपटी टुकटुक हलवत रस्ता ओलांडणारी. लोक तिच्यासाठी तीन-तीन सकाळी घालवतात.

दुसरं गणित भरती-ओहोटीचं. आपल्याला पाणी वाढतं ते पावसाळ्यात, दिवसातून दोनदा नाही. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला मी भर भरतीत पोचलो आणि पाहिलं काय, तर पाणी. चिखल उघडा पडतो ओहोटीला, आणि चिखल्या, तुतवार, मोठ्या वाकड्या चोचीचे कुररी-कुदळे सगळे तेव्हाच उतरतात. नेटवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते आधी पाहा. चिखल्यांची तयारी मात्र इथंच करा. हिवाळ्यात वेणा धरणाच्या काठी किंवा अंबाझरीच्या मागच्या बाजूला तुतवार आणि कंठेरी चिखल्या नीट पाहून घ्या. समुद्रकाठचे त्यांचे भाऊबंद मग आपोआप वेगळे वाटायला लागतात.

सिप्पीघाटची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथं पूर्वी शेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली, समुद्राचं पाणी शेतांत शिरलं आणि काही ठिकाणी राहिलंच. उत्तर अंदमानात उलट जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडले. बुडालेल्या शेतांत आज माडाची वाळकी खोडं उभी दिसतात आणि त्यांच्यामधून अंदमानी बदकं पोहतात: तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं. आपल्याकडच्या लोकांना गोसीखुर्द धरणाचं पाणी वाढल्यावरची गावं आठवतील. एखाद्याचं शेत गेलं आणि बदकाला घर मिळालं. तिथं दुर्बीण लावताना मला दोन्ही दिसतं.

सुतारपक्ष्याकडे वळतो. अंदमानी सुतार मोठा, काळा, लाल तुऱ्याचा. त्याची टोचणी ऐकली की कोणी दार ठोठावतंय असं वाटतं. जुनी, उंच, वाळकी झाडं असलेलं जंगल त्याला लागतं, म्हणून बंदरापलीकडच्या माउंट हॅरिएटकडे जा. आता त्याचं नाव माउंट मणिपूर आहे. जुन्या वीस रुपयांच्या लाल नोटेवरचं माडांचं चित्र त्याच डोंगरावरून दिसणाऱ्या देखाव्याचं, हे बाबांना सांगा, ते तेवढ्यावर खूश होतील. शहराची आणि बेटांचीही नावं बदललीत हे लक्षात असू द्या: पोर्ट ब्लेअर आता श्री विजयपुरम, हॅवलॉक स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप. पक्ष्यांच्या जुन्या नोंदी जुन्याच नावांनी सापडतात.

बारातांगच्या गुहांकडे गेलात तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जावं लागतं. तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, मग बाहेर धनेश का बसेना. तसा तो बसणारही नाही, कारण मुख्य अंदमानात धनेशच नाहीत.

धनेश आहे तो नारकोंडमला. आपला राखी धनेश सिव्हिल लाइन्सच्या पिंपळावर ओरडताना तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा एक मोठा काळा चुलतभाऊ जगात फक्त नारकोंडम बेटावर राहतो. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर, क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. गोरेवाड्याचं जंगल त्याच्या अडीचपटींहून मोठं! त्या एवढ्याशा डोंगरावर हजारेक धनेश. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली अंदमान-निकोबारची पक्ष्यांसाठी सफर केली आणि या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. हेच ह्यूम पुढं १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत होते, हे शाळेत शिकवतात. पक्ष्यांचं कोणी सांगत नाही. २०१२ साली त्या बेटावर रडार बसवायचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयानं नाकारला, तो याच धनेशामुळं. तुम्हाला तिथं जाता येणार नाही, परवानगी लागते आणि पर्यटकांना ती मिळत नाही. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की बेटावरचा पक्षी किती नाजूक धाग्यावर असतो ते कळावं. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालासोबत एक झाडावर चढणारा साप आला आणि काही दशकांत तिथले बहुतेक रानपक्षी संपले. त्या पक्ष्यांनी असा साप कधी पाहिलाच नव्हता.

निकोबारचा तर विचारच सोडा. तिथं जायला आदिवासी क्षेत्राचा पास लागतो. पानाफांद्यांच्या ढिगात अंडी पुरणारा मेगापोड आणि डोडोचं आजचं सर्वात जवळचं नातलग असलेलं, हिरवं-तांबडं चमकणारं निकोबारी कबूतर, दोन्ही दहा अंशांच्या खाडीपलीकडे, दीडशे किलोमीटर समुद्र ओलांडून.

सामानाबद्दल एवढंच: आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरे, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नागपूरच्या कोरड्या हवेत आपल्याला हे सुचत नाही. पहिल्या खेपेनंतर मी ओली बॅग तशीच बंद ठेवली आणि महिन्यानं पाहतो तर भिंगात बुरशीची जाळी. दुरुस्तीला दुर्बिणीच्या निम्मी किंमत गेली.

राहिल्या आई. तुम्ही म्हणता त्यांना रस नाही. सेल्युलर जेल पाहायला तुम्ही सगळे जाणारच. तिथून समोरच्या रॉस बेटावर बोट जाते. त्या बेटाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. तिथं मोर आणि चितळ मोकळे फिरतात, आईंना ते आवडतील. त्यांना सांगा की हे दोघेही तिथले नाहीत. माणसांनी आणून सोडलेले. पेंचला चितळाच्या मागे वाघ असतो, अंदमानात कोणीच नाही, म्हणून ते कोवळी रोपं खाऊन जंगल वाढूच देत नाहीत. मग त्यांना एक काम द्या. आपली साधी साळुंकीही तिथं बाहेरूनच आलेली, इंग्रजांनी आणलेली. पांढऱ्या डोक्याची मैना मात्र तिथलीच. आईंनी गाडीच्या खिडकीत बसून फक्त एवढं मोजायचं: बाजारात, हॉटेलच्या अंगणात, जंगलाच्या कडेला, साळुंक्या किती आणि पांढऱ्या डोक्याच्या किती. दोन उभे रकाने, बाकी काही नाही. मोजताना नजर कशी तयार होते ते माझ्याच घरात पाहिलंय. आणि ते रकाने भरून आणलेत तर मला दाखवा. शहर संपून जंगल सुरू होताना आकडे कुठं उलटतात, ते मला माझ्या चार खेपांत एकदाही नीट लिहून आणता आलं नाही.